तांबडीचं कार्ड

मी कुत्र्यांचा माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. आता लोक मला तसा समजतात. जिदहफ्सच्या गल्ल्यांत माझी बस शिरली की दोन-चार कुत्री उठून शेपट्या हलवतात आणि बसमधल्या बायका हसतात, "भाई, तुमचे पाहुणे आले." हसू देत. पण हे काम मी प्रेमापोटी सुरू केलं असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. प्रेमापोटी नाही. एकदा फोनवर मला एक साधा प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं उत्तर चुकीचं दिलं होतं, त्यापायी.

मी कणकवलीकडचा. बहारीनमध्ये एका क्लीनिंग कंपनीची बस चालवतो. सकाळी जिदहफ्स आणि सनाबिसमधून साफसफाईची माणसं उचलायची, सीफच्या मॉलांत आणि ऑफिसांत सोडायची, संध्याकाळी परत आणायची. राहायला जिदहफ्सच्या एका गल्लीत कंपनीचं जुनं घर, दोन खोल्यांत सहा माणसं. गल्लीच्या तोंडाशी कोल्ड स्टोअर आहे, म्हणजे आपलं किराणा दुकान. इथे त्याला तसंच म्हणतात. त्याच्या काउंटरवर तेव्हा रत्नागिरीकडचे चाचा बसायचे. माझ्या वडलांच्या वयाचे, पांढरी दाढी, तोंडाने फटकळ. मला कधी नावाने हाक मारली नाही. "काय ड्रायव्हर, आज पेट्रोल संपलं की अक्कल?" हे त्यांचं स्वागत.

त्या गल्लीत एक तांबडी कुत्री होती. एक कान उभा, एक दुमडलेला. उन्हाळ्यात आमच्या एसीच्या पाइपमधून पाणी ठिबकायचं, त्याच्या बरोबर खाली पोट येईल अशी ती पडून राहायची. दुपारी चाचा तिला डब्याच्या झाकणात दुधात भिजवलेला खुबूज, म्हणजे इथली रोटी, द्यायचे. झाकण पायाने पुढे सरकवायचे आणि वर दटावायचे, "लांब राहा बाई, नमाजाचे कपडे आहेत." पण तिचं खाऊन होईपर्यंत उन्हात तिथेच उभे. सकाळी गल्लीतला न्हावी काहीतरी घालायचा. संध्याकाळी माझी पाळी. बस वळणावर आली की ती डाव्या चाकाच्या बाजूने धावत घरापर्यंत यायची. मी डब्यात अर्धी चपाती आणि बांगड्याचं डोकं मुद्दाम ठेवायचो आणि बाकीच्यांना सांगायचो की उरलंय. खोटं कशाला बोलायचो देव जाणे.

समोरच्या घरात एक म्हातारी बहारिनी बाई राहायची. मी तांबडीला खायला घालायला लागलो की ती फाटकात येऊन अरबीत मोठमोठ्याने काहीतरी बोलायची. मीही हिंदीत चढ्या आवाजात उत्तर द्यायचो. तिचं मला कळत नव्हतं, माझं तिला. मी समजून चाललो होतो की तिला कुत्री नको आहे.

नाव आम्ही तांबडीला ठेवलं नव्हतं. आमच्या वाडीतही कुत्र्यांना कोणी नाव ठेवायचं नाही. तांबडा, काळा, लंगडा, संपलं. वाडीतलं कुत्रं एका घरी जेवतं, दुसऱ्याच्या खळ्यात झोपतं, तिसऱ्याच्या गुरांमागे जातं. "माझं" असं कोणी म्हणत नाही. म्हटलं तर बाकीच्या घरांचा अपमान होतो, त्यांनी काय घातलंच नाही का खायला? आणि वाडीचं कुत्रं म्हटलं की त्याला हात लावायची बाहेरच्याची छाती होत नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते अंगातच होतं आणि माझ्याबरोबर विमानात बसून इथे आलं.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं आणि कोणीतरी तक्रार केली. एका दुपारी मी सीफला एका मॉलच्या मागच्या गेटशी उभा होतो, सुपरवायझर बाजूला उभा राहून माणसांची हजेरी घेत होता. त्याच आठवड्यात कंपनीने आमच्या दारावर नोटीस चिकटवली होती की राहत्या जागेत प्राणी पाळल्यास वॉर्निंग लेटर मिळेल. माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. भटक्या कुत्र्यांच्या शेल्टरमधून बोलतोय, जिदहफ्सच्या गल्लीतून तांबडी कुत्री उचलली आहे, तुमची आहे का?

सुपरवायझर माझ्याकडे बघत होता. आखातात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड लागते. कुठल्याही ऑफिसातून कोणी काही विचारलं की आधी हात वर करायचे. मी म्हटलं, "माझी नाही."

"मग कोणाची?"

आता वाटतं, इथे तरी माझी जीभ झडायला हवी होती. पण इथे माझ्या तोंडून वाडी बोलली. मी म्हटलं, "कोणाचीच नाही. सगळेच खायला घालतात. कोणा एकाची नाही."

"नक्की?"

"नक्की," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. खरं सांगतो, मला वाटलं मी चांगलं उत्तर दिलं. नोटिशीतून मीही सुटलो आणि सगळे खायला घालतात म्हटल्यावर तीही सुटेल. सगळ्या गल्लीची कुत्री आहे, सोडतील संध्याकाळपर्यंत, असं मनाशी म्हणत मी बस मागे घेतली.

संध्याकाळी वळणावर कोणी धावत आलं नाही. चाचा दुकानाबाहेर उभे होते. म्हणाले, "दुपारी गाडी आली, घेऊन गेले. मी तुझा नंबर दिलाय त्यांना. आला का फोन?"

"नाही अजून," मी म्हटलं.

का म्हटलं? सुपरवायझर तर आता समोर नव्हता. चाचांना सांगितलं असतं तर त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या आणि त्याच पावली शेल्टरला फोन लावायला लावला असता. पण मला लाज वाटली. वाटलं, एवढ्याशा गोष्टीचं काय, शुक्रवारी सुट्टी आहे, जाऊन घेऊन येऊ. चाचा म्हणाले, "येईल. इंशाल्ला येईल." रोज संध्याकाळी विचारायचे, आणि मी रोज नाही म्हणायचो.

शुक्रवारी सकाळी ओळखीच्याची गाडी मागून आम्ही दोघं गेलो. चाचांनी मागच्या सीटवर जुनी चादर अंथरली होती, तांबडीला बसवायला. शेल्टर गावाबाहेर, पत्र्याच्या शेड, आणि लांबूनच ऐकू येणारं भुंकणं. तिथली डॉक्टर बहारिनी होती, चाळिशीची, थकलेल्या डोळ्यांची. तिला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. तिने तारीख आणि गल्ली विचारली, एका पेटीतून कार्ड काढलं, वाचलं, उलटून मागची बाजू वाचली. मग म्हणाली, "काल झालं."

मला आधी कळलंच नाही काय झालं. चाचांना कळलं. ते मटकन बाकावर बसले.

मग मी तोंड सोडलं. तुम्ही कसाई आहात, डॉक्टर कसले, मुक्या जनावराला मारता, चार दिवस थांबता येत नाही, एक फोन करता येत नाही? हो, हेही म्हणालो. एक फोन करता येत नाही, हे माझे शब्द. चाचा उठून माझी बाही ओढत होते. ती बाई कार्ड हातात धरून उभी होती. तिने मला पूर्ण बोलू दिलं.

मग तिने आम्हाला ती खोली दाखवली. लहान, पांढऱ्या फरशीची, मध्ये स्टीलचं टेबल. म्हणाली, "माझ्याकडे पिंजरे एवढे, आणि येणारी कुत्री त्याच्या कितीतरी पट. ज्याच्या कार्डावर माणूस आहे त्याला मी थांबवून ठेवते. ज्याच्या कार्डावर कोणीच नाही, त्याला कुठे ठेवू? मला माणसं आणून द्या. मला सुई हातात धरायची हौस नाही."

परतीच्या वाटेवर चाचा एवढंच बोलले, "फोन यायला हवा होता." मी रस्त्याकडे बघून गाडी चालवत राहिलो. मागे चादर तशीच होती.

पुढच्या शुक्रवारी मी एकटा डॉक्टरकडे गेलो. माफी वगैरे मागितली नाही, माझ्याने होत नाही ते. म्हटलं, माणसं आणतो. तिने कोऱ्या कार्डांचा गठ्ठा दिला.

तो गठ्ठा घेऊन मी गल्लीगल्लीत फिरलो. कार्डावर पहिली ओळ होती, मालक कोण. सुट्टीच्या दिवशी दारोदार जाऊन मी तेच विचारायचो आणि सगळीकडून एकच उत्तर, "अपना नहीं है भाई." एका कामगारांच्या कॅम्पात तर कुत्रं पायाशी झोपलेलं, भांडं समोर, आणि माणूस सांगतोय माझा काही संबंध नाही. आयडी कार्ड मागणार का, व्हिसाला काही होईल का, कंपनीला कळवणार का? मला तिडीक जायची. एकाला मी शिवी हासडणार होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "किसी का नहीं है. सब खिलाते हैं." मी तिथेच थांबलो. तो माझाच आवाज होता. त्या दिवशी मी पुढच्या दारी गेलोच नाही, घरी येऊन उभ्या बसमध्ये बसलो.

त्यानंतर मी प्रश्न बदलला. मालकाचं नावच काढायचं नाही. कुत्र्याकडे बोट दाखवून विचारायचं, "हिला जेवायला कोण घालतं?"

या प्रश्नाला कोणी घाबरत नाही. उलट भांडणं लागायची. सकाळी मी घालतो. अरे जा, तू महिन्यातून दोनदा, रोज मी घालतो. शिंपी म्हणायचा पाणी माझं, वॉचमन म्हणायचा सावली माझी. मी प्रत्येकाचं नाव आणि वेळ लिहून घ्यायचो. डॉक्टरने ते कागद वाचले आणि मालकाच्या ओळीखाली सगळ्या कार्डांवर दुसरी ओळ घातली, जेवण कोण देतं. म्हणाली, "हे मालक नाहीत. पण कुत्रं परत नेऊन सोडायला मला एवढं पुरे."

मग ते हळूहळू बसत गेलं. तक्रार आली की शेल्टरचे गाडीवाले आधी त्या गल्लीच्या माणसाला फोन करायला लागले. कुत्रं नेलं की डॉक्टर ऑपरेशन करणार, पुढे पिल्लं होऊ नयेत म्हणून. लस देणार, आणि डाव्या कानाचं टोक कापणार. कापलेला कान म्हणजे हिचं झालंय, हिला गल्ली आहे, आता उचलू नका. मग शुक्रवारी कोणाचा तरी पिकअप मागून मी ज्याला त्याला त्याच्या गल्लीत नेऊन सोडायचो. आपली माणसं त्या कानाला हळद फासायची. डॉक्टर पहिल्यांदा चिडली, हे पिवळं काय लावलंय? समजावलं. नंतर तिने चिडणं सोडलं. गल्लीत पिल्लांची पैदास कमी झाली तशा तक्रारीही कमी झाल्या. न्हाव्याने प्लॉटवाल्यांशी भांडून कचऱ्याच्या डब्याला झाकण बसवून घेतलं. आम्ही कोणी मोठी माणसं नव्हतो, पण ज्याला त्याला आपापली गल्ली माहीत होती.

चाचांना माझा भारी अभिमान. दुकानात येईल त्याला सांगायचे, "हा आमचा ड्रायव्हर. तांबडी गेली तेव्हा अन्न गोड लागलं नाही त्याला. एक फोन आला असता तर वाचवली असती त्याने." मी दूध, अंडी घ्यायचो आणि निघायचो. बायको फोनवर म्हणायची, "तुमका खूळ लागला. माणसांक फोन करूक येळ नाय तुमका." तिलाही मी काही सांगितलं नाही. आणि आमच्या गल्लीत एका दारावर मी कधी कार्ड घेऊन गेलो नाही. समोरच्या म्हातारीच्या. तक्रार तिनेच केली असणार, हे मी धरून चाललो होतो. आमची नजरानजर झाली की मी मान फिरवायचो.

सगळी वाचली असं समजू नका. सीफमधली तर जातच राहिली. तिथे माणसं येतात, जातात, गाड्या लावतात. राहत कोणी नाही. पार्किंगमधल्या कुत्र्याला जेवायला कोण घालतं, हे विचारायला दारच नाही. त्यातल्या एकाचं डोकं मी टेबलावर धरलं होतं, कारण त्या दिवशी माणूस कमी होता. करड्या रंगाचं, अजून लहानच. त्याने माझा अंगठा चाटला. मी घरी येऊन ओकलो, मग बसमध्ये बसून रडलो. दुसऱ्या दिवशी बसमधल्या बायकांनी विचारलं काय झालं, म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, आम्ही रोज तिथेच असतो की, आमची नावं लिहा. त्यांच्या शिफ्टच्या वेळा कार्डांवर चढल्या. त्यानंतर सीफमधलीही परत यायला लागली.

चाचा दोन वर्षांपूर्वी व्हिसा खलास करून कायमचे गावी गेले. समोरची म्हातारीही त्याच सुमारास वारली. मी तिच्या दारात गेलो नाही.

यंदा डॉक्टरचा फोन आला. ती पांढऱ्या फरशीची खोली रिकामी करायची होती. सुई अगदीच बंद झालेली नाही. गाडीखाली चिरडलेलं, वाचण्यापलीकडचं एखादं येतं, त्याला यातनांत ठेवत नाहीत. पण त्यासाठी वेगळी खोली लागेनाशी झाली होती. तिथे आता खाण्याच्या गोण्या ठेवणार होते. मी पिकअप घेऊन गेलो. टेबल बाहेर काढलं. कपाटात जुन्या कार्डांची खोकी होती, ती फाडून टाकायची होती. मी फाडत बसलो. मुद्दाम शोधत नव्हतो, निदान तसं मी स्वतःला सांगत होतो.

तांबडी, मादी, एक कान दुमडलेला, जिदहफ्स. तक्रार बांधकामाच्या साइटवरून. मालक: नाही.

मी कार्ड उलटलं. मागे पेनाने बारीक इंग्रजीत लिहिलेलं होतं. गल्लीत विचारलं. दुकानदार म्हणतो, बस-ड्रायव्हरची. न्हावी म्हणतो, बस-ड्रायव्हरची. कंपनीच्या घरातला माणूस म्हणतो, ड्रायव्हरची. समोरच्या घरातली बाई म्हणते, ड्रायव्हरची आहे, तो रोज संध्याकाळी तिला भरवतो, तिला नेऊ नका, त्याला वाईट वाटेल. त्याच्याखाली शेवटची ओळ. ड्रायव्हरला फोन केला. म्हणतो, माझी नाही. कोणाचीच नाही. दोनदा विचारून खात्री केली.

म्हणजे अख्ख्या गल्लीला ती माझी आहे हे ठाऊक होतं. त्या म्हातारीलासुद्धा. ती फाटकातून मला रोज काय सांगत होती, ते आता कोणाला विचारू?

डॉक्टर दारात उभी होती. मी विचारलं, "त्या दिवशी तुमच्या हातात हेच कार्ड होतं?"

"हो."

"मी एवढं बोललो तुम्हाला. मग तोंडावर का मारलं नाहीत हे?"

ती म्हणाली, "तुमच्याबरोबर ते चाचा होते."

घरी येऊन मी रत्नागिरीला फोन लावला. दुपारची वेळ होती, चाचा पडवीत बसलेले. "काय ड्रायव्हर, आठवण आली म्हाताऱ्याची?" मी त्यांना मागची बाजू वाचून दाखवली, म्हातारीच्या ओळीपर्यंत. ते खूश झाले. म्हणाले, "बघ, मी सांगितलंच होतं त्यांना, ड्रायव्हरची आहे म्हणून. आणि त्या बाईनेही सांगितलं? अल्ला तिला जन्नत देवो. मग एवढं लिहूनसुद्धा त्यांनी तुला फोन का नाही केला?"

मी म्हटलं, "केला होता, चाचा."

"कधी?"

"उचलली त्याच दुपारी. मी म्हटलं माझी नाही. कोणाचीच नाही म्हटलं."

मला वाटलं फोन ठेवतील. पण चाचा म्हणाले, "मी इतकी वर्षं त्या डॉक्टरला बोल लावत होतो रे." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलं जेवलास का, आणि मी नाही म्हटलं.

ते एक कार्ड मी फाडलं नाही. पाकिटात माझ्या आयडी कार्डाच्या मागे ठेवलंय. मालकाच्या ओळीवर अजून "नाही" तसंच आहे. ते खोडून माझं नाव घालावं असं पुष्कळदा मनात येतं. पण ज्या दुपारी तिला त्याचा उपयोग होता, त्या दुपारी मला विचारलं होतं.